पाच नंबरची उधारी

फिलाडेल्फियात वाद उकरून काढायला राजकारण लागत नाही, धर्म लागत नाही. "डॉनोव्हन मॅकनॅब" एवढं नाव घेतलं की पुरतं. ईगल्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे खेळ चालवणारा. हा माणूस ईगल्स सोडून गेला 2010 साली. त्यानंतर ईगल्सनी दोन सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकले, ब्रॉड स्ट्रीटवरून दोनदा विजयाच्या मिरवणुका निघाल्या, त्याच्या काळात जन्मलेली पोरं नोकरीला लागली. तरी आमच्या लंचरूममध्ये त्याचा विषय निघाला की मायक्रोवेव्हमधून काढलेलं जेवण गार होईपर्यंत काथ्याकूट चालतो, आणि शेवटी दोन माणसं एकमेकांशी न बोलता आपापल्या जागेवर जाऊन बसतात.

मी या शहराच्या उपनगरात राहायला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, मग उठतात, मग जाहिरात लागते, एवढंच दिसायचं. खेळ डोक्यात शिरला तो मॅकनॅबमुळे. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठी वाचकांसाठी नियम थोडक्यात असा: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याला. प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. कुणाला फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि समोरून त्याला आडवा करायला शे-सव्वाशे किलोची माणसं धावत येत असतात. जिंकलं तर संघ जिंकतो. हरलं तर तो हरतो.

मॅकनॅबची गोष्ट या शहरात सुरूच झाली ती हुर्योने. 17 एप्रिल 1999, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. त्या दिवशी ड्राफ्ट होता. कॉलेजातून येणारे खेळाडू संघ एकेक करून उचलतात, आदल्या हंगामात ज्याची सगळ्यात दैना झाली त्याचा नंबर पहिला. ईगल्स 1998 मध्ये 16 पैकी 13 सामने हरले होते, त्यामुळे त्यांची निवड दुसरी. गावाला हवा होता टेक्सस विद्यापीठाचा रिकी विल्यम्स, चेंडू घेऊन पळणारा, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवलेला. महापौर एड रेंडेलसुद्धा त्याच्याच बाजूचे. इथल्या डब्ल्यूआयपी रेडिओचा अँजेलो कटाल्डी जवळजवळ तीस चाहत्यांना बसमध्ये घालून न्यूयॉर्कला घेऊन गेला. ईगल्सनी नाव पुकारलं ते सिरॅक्यूज विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकचं. आणि या तिसेक जणांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

ती चित्रफीत आजही कुठे ना कुठे दाखवतात. बावीस वर्षांचा मुलगा, अंगात सूट, आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि आपलंच होऊ घातलेलं गाव वरून बोंबा मारतंय. तो मंचावर येतो, कमिशनरशी हात मिळवतो आणि हसतो. हे हसू लक्षात ठेवा. पुढच्या अकरा वर्षांत या हसण्याने जेवढं रामायण केलं, तेवढं त्याच्या एकाही चुकलेल्या फेकीने केलं नाही.

गंमत म्हणजे गाव साफ चुकलं होतं. त्या वर्षी पहिल्या बारा निवडींत पाच क्वार्टरबॅक गेले. पहिला टिम काउच, तिसरा अकिली स्मिथ, बारावा केड मॅकनाउन. आज ही नावं फक्त प्रश्नमंजूषेत उरलीत. डाँटे कल्पेपरची काही वर्षं बरी गेली. टिकला तो मॅकनॅब. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सचा प्रशिक्षक माइक डिटका याने त्या वर्षीच्या सगळ्या निवडी आणि पुढच्या वर्षीची पहिली नि तिसरी देऊन टाकली, आणि त्या हंगामानंतर त्याची नोकरी गेली. विल्यम्स वाईट नव्हता हो; कारकिर्दीत दहा हजार यार्डांच्या वर पळाला. पण संपूर्ण संघ गहाण ठेवावा असं काही नव्हतं त्यात.

आणखी एक, त्या बसमधल्या कुणालाच तेव्हा सुचलं नसतं असं. 1999 मध्ये मॅकनॅब तयार होईपर्यंत पहिले नऊ सामने डग पीटरसन नावाचा एक साधासुधा क्वार्टरबॅक खेळला. गावाने त्यालाही हुर्यो देऊन देऊन हैराण केलं. हाच पीटरसन पुढे ईगल्सचा प्रशिक्षक झाला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये शहराला पहिला सुपर बोल त्यानेच जिंकून दिला. कुणाला शिव्या घालायच्या याबाबत आमच्या गावाची पारख ही अशी.

आता जमेची बाजू. अँडी रीड प्रशिक्षक, मॅकनॅब क्वार्टरबॅक, आणि 2001 ते 2008 या आठ हंगामांत पाच वेळा ईगल्स एनएफसी या आपल्या गटाच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलच्या उंबरठ्यावर. ईगल्ससाठी 92 विजय, 32,873 यार्ड, 216 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार) आणि फक्त 100 इंटरसेप्शन (फेक समोरच्याने झेललेली). विजय, यार्ड आणि टचडाउन यांचे ईगल्सचे विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत. नोव्हेंबर 2002 मध्ये ॲरिझोनाविरुद्ध घोट्याचं हाड मोडलेलं असताना तो पूर्ण सामना खेळला आणि चार टचडाउन फेकून घरी गेला. दुसऱ्या कुठल्या गावात एवढ्यावर चौकाला नाव दिलं असतं.

पण पाचांपैकी चार वेळा हातातोंडाशी आलेला घास गेला. सेंट लुइसकडून हरले ते गावाने समजून घेतलं, तो संघच भारी होता. खरी जखम झाली जानेवारी 2003 ची. व्हेटरन्स स्टेडियमवरचा ईगल्सचा शेवटचा सामना, समोर टँपा बे, सगळ्यांनी विजय धरूनच ठेवलेला. सामना हातचा निसटत आलेला असताना शेवटची आशा म्हणून ईगल्स पार टँपाच्या दारात पोहोचले, आणि मॅकनॅबची फेक टँपाचा बचावपटू रोंडे बार्बर याने मधल्यामध्ये उचलून 92 यार्ड पळत नेली. 27-10. ऑफिसातला माझा एक सहकारी, दक्षिण फिलाडेल्फियातल्या इटालियन घरातला, आता साठीला आलेला, त्या दिवशी वरच्या सातशेच्या स्टँडमध्ये होता. तो म्हणतो, "बार्बर पळत होता तेव्हा आमच्यातल्या कुणी हुर्योसुद्धा केली नाही. यावरून काय ते समज."

पुढच्या वर्षीची गोष्ट मात्र मी कुणालाही, कधीही, न कंटाळता सांगतो. 11 जानेवारी 2004, नवं लिंकन फायनान्शियल फील्ड, ग्रीन बेविरुद्ध. ईगल्स तीन गुणांनी मागे, घड्याळात एक मिनिट बारा सेकंद. तीन प्रयत्न असे वाया गेलेले की पुढे जायच्या ऐवजी मागेच ढकलले गेलेले. चौथा प्रयत्न आणि हवे आहेत सव्वीस यार्ड. दहा यार्डांसाठी चार प्रयत्न मिळतात त्या खेळात एका फेकीत सव्वीस! टीव्हीसमोरची माणसं कोट चढवायला लागली होती. मॅकनॅबने चेंडू घेतला, मागे सरकला आणि मैदानाच्या मधोमध, दोन बचावपटूंच्या बेचक्यात, फ्रेडी मिचेलकडे फेकला. अठ्ठावीस यार्ड. मग बरोबरी, मग जादा वेळेत विजय. आज इथे "फोर्थ अँड ट्वेंटी-सिक्स" एवढं म्हटलं की अनोळखी माणूसही बारमध्ये तुमच्या पाठीवर थाप मारतो. गंमत बघा, त्या थापेत मॅकनॅबचं नाव नसतं. चमत्कार झाला, असं म्हणतात. जणू चेंडू आपला आपणच गेला. आठवडाभराने कॅरोलायनाविरुद्ध घरच्या मैदानावर 14-3 असे हरले, बरगड्या दुखावून मॅकनॅब बाहेर बसला, आणि ते मात्र त्याचं अपयश.

शेवटी फेकी झेलणारा नामांकित टेरेल ओवेन्स आला आणि 2004 मध्ये गाडी सुसाट सुटली. त्याआधीची वर्षं मॅकनॅब कुणाकडे चेंडू फेकत होता ते पाहा: जेम्स थ्रॅश, टॉड पिंकस्टन. भली माणसं, पण समोरच्या बचावाला त्यांच्यामुळे रात्री झोप लागली नाही असं कधी झालं नाही. 6 फेब्रुवारी 2005, जॅक्सनव्हिल, सुपर बोल, समोर टॉम ब्रेडीचा न्यू इंग्लंड. 24-21 ने हरले. मॅकनॅबच्या नावावर 357 यार्ड, तीन टचडाउन, तीन इंटरसेप्शन. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं तीन आहेच.

वाद मात्र त्या आकड्यांवर नाही. तो आहे तीन मिनिटं बावन्न सेकंदांवर. दहा गुणांनी मागे, पाच मिनिटं चाळीस सेकंद उरलेली, दोनदा गुण मिळवायचे. आणि ईगल्स असे रमतगमत निघाले की जणू आघाडी त्यांचीच. प्रत्येक प्रयत्नानंतर पुढची चाल ठरवायला घोळका करून उभे, आणि घड्याळ चालूच. टचडाउन झालं तेव्हा एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद शिल्लक. नंतर संघातल्याच सेंटरने, म्हणजे क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू देणाऱ्याने, सांगितलं की मॅकनॅबला घोळक्यात उलटी येत होती, बोलवत नव्हतं. मॅकनॅब म्हणाला, तसं काही झालं नाही. ओवेन्स, जो मोडलेला पाय घेऊन त्या सामन्यात जीव तोडून खेळला होता, त्याने जाहीर टोमणा मारला की दमलो तो मी नव्हतो. झालं. शहराचे दोन तट पडले ते आजतागायत. त्या उलटीचा पुरावा म्हणून लोकांनी चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली आहे. मीही पाहिली आहे. काही दिसत नाही. घड्याळ चालवणं प्रशिक्षकाचं काम, आणि अँडी रीडचा घड्याळाशी असलेला छत्तीसचा आकडा इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होता, हे माझं मत मी सांगतो तेव्हा साठीचा सहकारी नुसता हात झटकतो.

यात रंगाचा प्रश्न नाही असं म्हणणारा एकतर भाबडा किंवा लबाड. सप्टेंबर 2003 मध्ये उजव्या विचारांचा रेडिओ निवेदक रश लिंबॉ याने ईएसपीएनवर म्हटलं की कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा असं माध्यमांना वाटतं, म्हणून याला डोक्यावर घेतलंय. चार दिवसांत त्याला ती नोकरी सोडावी लागली. हे सगळ्यांना आठवतं. कमी जणांना आठवतं ते असं की डिसेंबर 2005 मध्ये कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेच्या इथल्या शाखेच्या अध्यक्षानेच आपल्या साप्ताहिकात त्याला मध्यम कुवतीचा ठरवला, आणि तू पळणं का सोडलंस म्हणून झापला. म्हणजे पळाला की "याला नीट फेकता येत नाही", थांबून फेकला की "हा आपला खेळ विसरला". वेस्ट फिलाडेल्फियात वाढलेली आमची एक सहकारी म्हणते, "त्याच्याकडून सगळ्यांनाच काहीतरी हवं होतं, आणि प्रत्येकाला वेगळं. जिंकणं हे त्यातलं फक्त एक." तिच्या घरात मॅकनॅबला वाईट बोलायला परवानगी नाही. तिच्या वडिलांनी ड्राफ्टच्या दिवशीची ती हुर्यो ऐकून टीव्ही बंद केला होता, आणि शहराने त्या दिवसाची माफी अजून मागितलेली नाही असं तिचं म्हणणं. साठीचा सहकारी म्हणतो, माफी कसली, त्याच्याकडूनच एक करंडक यायचा राहिलाय. उधारी दोघांच्याही वहीत आहे, फक्त नावं उलटीकडे लिहिलेली.

मला विचाराल तर मुळाशी ते हसू आहे. मी हे उगाच म्हणत नाही. ब्रायन डॉकिन्सचं उदाहरण घ्या. त्याच संघात, त्याच वर्षांत, बचावाचा कणा. मॅकनॅब हरला ते जवळजवळ सगळे मोठे सामने डॉकिन्सही हरला. तोही करंडक न जिंकता 2009 मध्ये डेन्व्हरला गेला. पण डॉकिन्सबद्दल या शहरात वाद नाही, आरती आहे. क्वार्टरबॅक आणि बचावपटू यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही, मान्य. पण फरक तेवढाच नाही. डॉकिन्स मैदानात यायचा तो अंगात आल्यासारखा, आणि हरला की त्याच्या चेहऱ्यावर आपलं दुःख दिसायचं. मॅकनॅब हरल्यावर पत्रकारांसमोर येऊन थोडा विनोद करायचा, खांदे उडवायचा, हसायचा. 2008 मध्ये सिनसिनाटीशी 13-13 अशी बरोबरी झाली तेव्हा "सामना बरोबरीत सुटू शकतो हे मला माहीत नव्हतं" असं बोलून मोकळा झाला. जानेवारी 2010 मध्ये डॅलसविरुद्ध मैदानात येताना हवेतल्या हवेत गिटार वाजवली आणि 34-14 असा मार खाल्ला. आठवडाभर राबून रविवारी रडायला बसलेल्या गावाला हे कसं चालावं? गोदीतली, गिरणीतली, रिफायनरीतली कामं गेलेलं हे शहर. इथे हरणं चालतं, हरल्याचं लागलं नाही असं दिसणं चालत नाही. आता, पहिल्याच दिवशी बोंबा मारणाऱ्यांपुढे जो हसून उभा राहिला, त्याने पुढे प्रत्येक वेळी तेच कवच घातलं तर नवल काय? ते कवच आपणच दिलं, हे मात्र कुणाच्या गावीही नाही.

आमच्याकडे हे सगळं ओळखीचं वाटतं ते सचिनमुळे. मॅकनॅब निवडला गेला त्याच वर्षी जानेवारीत चेन्नईला सचिनने पाठदुखी सोसत पाकिस्तानविरुद्ध 136 केल्या, तो बाद झाला आणि भारत 12 धावांनी हरला. "ऐन वेळी कच खातो" हे मी दादरच्या कट्ट्यावर ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांच्याच घरात त्याचे फोटो होते. सचिनला 2011 चं वानखेडे मिळालं आणि तोंडं बंद झाली. मॅकनॅबला त्याचं वानखेडे मिळालं नाही, एवढाच फरक. गणपतीत आमच्या मंडळाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना मी हे मांडलं, तर एक काका म्हणाले, "सचिनची तुलना त्या हेल्मेटवाल्याशी करू नकोस." तिथे वेगळाच वाद पेटला.

4 एप्रिल 2010, ईस्टरचा रविवार. ईगल्सनी त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकला. आपल्याच विभागातल्या वैऱ्याला! क्वार्टरबॅकमध्ये अजून दम आहे असं वाटलं असतं तर कुणी असं करत नाही. अपमान व्यवहारात मुरवून दिलेला होता. ऑक्टोबरमध्ये तो वॉशिंग्टनकडून खेळायला परत आला तेव्हा मात्र स्टेडियम उठून उभं राहिलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. ईगल्सचे वैरी म्हणून आलेल्याला! तो सामना तो जिंकूनही गेला. सप्टेंबर 2013 मध्ये त्याचा पाच नंबर कायमचा काढून घेतला, समारंभ ठेवला तो अँडी रीड कॅन्सस सिटीचा प्रशिक्षक म्हणून पहिल्यांदा परत आला त्या रात्री. त्याही रात्री पाहुणेच जिंकले. या शहराला भावनांचं वेळापत्रक कधी जमलेलं नाही.

आणि मग 2018. राखीव क्वार्टरबॅक निक फोल्स, मुख्य खेळाडू जखमी झाला म्हणून उभा केलेला, ब्रेडीला 41-33 हरवून गेला. स्टेडियमबाहेर त्याचा नि पीटरसनचा पुतळा आहे. माझा मुलगा इथेच जन्मला, आताचा क्वार्टरबॅक जेलेन हर्ट्स याच्या काळात वयात आला, 2025 चा करंडक त्याने मित्रांबरोबर रस्त्यावर साजरा केला. त्याच्या दृष्टीने प्रश्नच मिटलेला. "बाबा, तू उगाच त्रास करून घेतोस. पुतळा कुणाचा आहे? फोल्सचा. संपलं." मी त्याला म्हटलं, अरे, फोल्सने एका महिन्यात दार उघडलं, कबूल, पण त्या दाराशी दरवर्षी जाऊन उभं राहायची सवय या गावाला कुणी लावली? त्याआधी लोक जानेवारीत हॉकी बघायचे. तो म्हणाला, "पण दार उघडलं नाही ना." आता याला काय सांगणार. पोटभर जेवलेल्याला भुकेच्या गोष्टी.

गेल्या हंगामात आम्ही ऑफिसची मंडळी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शेगडी मांडून बसलो होतो. साठीचा सहकारी सॉसेज परतत होता आणि सवयीप्रमाणे मॅकनॅबची उणीदुणी काढत होता. अंगात गडद हिरवा, धुऊन धुऊन विटलेला, कोपरावर उसवलेला शर्ट. पाठीवर पाच नंबर आणि त्याच माणसाचं आडनाव. वेस्ट फिलाडेल्फियावालीने चिमटा त्याच्या पाठीकडे रोखला.

"मग हा का घातलायस?"

"पैसे मोजलेत त्याचे."

"वीस वर्षं झाली की. अजून वसूल नाही झाले?"

त्याने सॉसेज उलटलं, तिच्याकडे न बघता. "तीन मिनिटं बावन्न सेकंद," तो म्हणाला. "घोळका कशाला करायचा, मला सांग. घोळका कशाला?"